तोळाभर पितळ

उद्यमनगरात, वजनकाट्याच्या मागच्या गल्लीत,
पितळी बारच्या उरलेल्या तुकड्यातून
मी तो लेथवर काढला.
दोन चकत्या, मधे आस,
सगळं मिळून चिंचोक्याएवढं.
गुजरीत बाबू पोतदारांनी तराजूत टाकला,
भिंगातून फिरवून बघितला.
"तोळ्याला दोन गुंजा कमी. आणि हे कशाला म्हणायचं?"
यो-यो, म्हटलं.
त्यांनी तेच भिंग माझ्याकडं वळवलं.

आमच्या गावाला मोठ्याचं कौतुक.
मांड्या, मनगटं, म्हशींची शिंगं,
कटाची वाटी, बुलेटचा आवाज.
इथं चाळिशी ओलांडलेल्या टर्नरनं
बोटाला दोरा बांधून दारात उभं राहायचं म्हणजे…
दस्तगीर मिस्त्री म्हणाले,
"पोरं शाणी झाली, आता तुझं चाललंय होय?"

जाड दोरा खाचेत मावेना,
शिवणाचा तुटे.
शेवटी साज ओवणाऱ्या कमळाक्का पटवेकरीणीनं
रेशमाचा पीळ दिला, हातभर जास्तच.
"दोरा दमतो," म्हणाली.
"दमला की खाली लोंबू द्यायचा.
आपल्या आपण उलगडतो. वढायचा न्हाई."

पंधरा दिवस तो नुसता पडला.
मोठा यो-यो चूक पोटात घालतो,
ह्याला पोटच नाही.
मनगट सूतभर वाकडं गेलं
की दोरा एका गालाला घासतो,
हा कलतो, डगमगतो
आणि पायाशी लोंबत राहतो
रहाट तुटलेल्या आडातल्या बादलीसारखा.
मी थौमध्ये मोजणारा माणूस.
घरी भाजी निवडणाऱ्या बायकोला
मायक्रोमीटर लावून दाखवला,
खाच दोन्हीकडं सारखी आहे.
"मग वाकडं कोण?" ती म्हणाली.

सोडताना ढकलायचं नाही,
हे जुलैत कळलं.
तळाला गेल्यावर त्यानं तिथंच फिरत राहायचं,
वर यायचं नाही, थांबायचं नाही.
त्याला झोपणं म्हणतात.
मोठे घोरतात मिनिट मिनिट.
ह्याचा डोळा लागतो न लागतो
तोच दचकून मुठीत.

एका दुपारी लाइट गेली.
सातही लेथ एकेक करून गप्प झाले,
पट्टे फटफटले, थांबले,
शेजारच्या फौंड्रीतला पंखासुद्धा.
मी उगाच हात सोडला
आणि तो झोपला.
चहावाल्यानं दारात पाय टाकून
पाच ग्लास ओतले, तरी झोपलेला.
आणि त्याचा आवाज होता.
इतके दिवस होता, मशिनांखाली.
डासापेक्षा बारीक, एकाच सुरात.

मिस्त्रींना सांगितलं, ऐका.
चाळीस वर्षं ग्राइंडरवर गेलेले कान,
त्यांना काय ऐकू येणार.
ते वाकले,
करंगळीचं नख दोऱ्याला टेकवलं,
जसं बेअरिंगला पाना टेकवून
दुसरं टोक कानाशी धरतात.
डोळे मिटले.
"चालू हाय की रं," म्हणाले.
कुणी आजारी माणसाची नाडी बघून सांगावं
तसं हळू.

मग ग्लास उचलला आणि म्हणाले,
आसाला तेल जरा जास्त झालंय.

पाळणा अजून जमत नाही.
दोऱ्याचा त्रिकोण करून
मधून झुलवायचा असतो.
चार बोटांत मावेल एवढाच पाळणा,
पण माझी बोटंच आत जागा अडवतात.