लिंग बदला : पाच गुण

मार्चमध्ये कर्नी गावाबाहेर क्रौंच उतरतात,
नदीच्या उथळ पाण्यात, हजारोंनी.
नर कुठला, मादी कुठली
दुर्बीण लावूनही मला कळत नाही.

माझं ऑफिस शाळा-कचेरीच्या तळघरात,
बॉयलरच्या शेजारी.
दारावरच्या पाटीत माझ्या आडनावातलं एक अक्षर
नऊ वर्षांपूर्वी गळालं.
त्याची तक्रार मी कुणाकडे करू?
तक्रारी माझ्याकडे येतात.

तारीख, सही, दहा दिवसांची मुदत,
दोन्ही बाजूंना सारखाच लिफाफा.
तक्रार करणारं माणूस, उत्तर देणारं माणूस,
इंग्रजीत दोघांनाही चेहरा नाही,
त्या आडोशाला मी दिवसभर बसते.
मराठीत नुसतं 'आले' म्हटलं
की माझं पितळ उघडं.

मिरजेच्या शाळेत सुलाखे बाई
फळ्यावर लिहायच्या : लिंग बदला.
मोर. विद्वान. रेडा. सम्राट. नवरा.
मला कायम साडेचार,
कारण मी 'नवरी' लिहायची
आणि बाईंना 'बायको' हवी असायची.
तो अर्धा गुण मी अजून सोडलेला नाही.

त्याच चिमट्याने आजही कागद उचलते.
'मुलांचा सराव साडेतीन ते सहा, दिव्यांखाली.
मुलींचा, मैदान मोकळं असेल तेव्हा.'
क्रीडाप्रमुख कुचेरांसमोर हेच वाक्य
लिंग बदलून मोठ्याने वाचलं.
ते हसले. मग थांबले.
म्हणाले, असं कुणी लिहिलंच नसतं.
म्हटलं, तेच तर.

टेप घेऊन मी आणि शिपाई ऑर्विल
मैदान मोजायला गेलो.
मुलींच्या बाकाची फळी चिकटपट्टीने बांधलेली,
नळ होता, पाणी कुंपणापलीकडे.
अहवाल अठ्ठेचाळीस पानी.
जूनमध्ये दिव्याचे चार खांब उभे राहिले,
मी जाऊन हात लावून आले.

सगळ्याच कागदांचे खांब होत नाहीत.

नोव्हेंबरात एक आली. नाव सांगता येत नाही,
आद्याक्षरही नाही. पंधरा वर्षांची.
बुटांवर पेनने काढलेल्या गोगलगाई.
बसच्या मागच्या बाकाबद्दल अर्धं पान लिहिलं,
आणि गुरुवारी आईबरोबर येऊन मागे घेतलं.
तसं काही नव्हतं, म्हणाली आई.
विचारायचं ते मी विचारलं,
वाचून दाखवायचं ते दाखवलं.
तिने सही केली, खूप सावकाश,
जणू नाव पहिल्यांदाच लिहितेय.

रात्री तिचं अर्धं पान लिंग बदलून पाहिलं.
तेवढंच जड.
दुसऱ्या बाजूला सोळा वर्षांचा एक पोरगा.
त्याची आजी रोज फोन करायची,
बाई, पोराचं वाटोळं होणार का?
तिलाही मी मुदतच सांगितली होती,
त्याच सपाट आवाजात.
त्या आवाजाचाच मला पगार मिळतो,
आणि घरी आल्यावर नवरा म्हणतो,
जरा नीट बोल की.

अर्ज मागे घेतला. बस रोज येतेच.
सोमवारपासून चौदा नंबरच्या बसमध्ये
मागच्या बाजूला एक निवृत्त बाई बसू लागल्या,
विणकाम घेऊन.
नियमात बसतं ते, अर्ज नसला तरी.
कुचेरांनी विचारलं, कुठल्या प्रकरणाखाली खर्च टाकू?
म्हटलं, लोकर.
या वेळी ते हसले नाहीत. सही मात्र केली.

सकाळी पावणेसातला, काचेवर बर्फ,
मी रस्त्यापलीकडे गाडीत बसून पाहिलं.
ती चढली. ड्रायव्हरमागच्या सीटवर.
माझ्याकडे बघितलं नाही, बरं झालं.
बूट दुसरे होते, कोरे.

रजिस्टरात इंग्रजीतून लिहिलं : बदल लागू.
स्वतःच्या वहीत लिहिलं : बसली.
कर्ता लिहिला नाही.
सुलाखे बाईंनी शून्य दिलं असतं.