अर्धी पोकळ

जानेवारीत डुलुथची हवा इतकी कोरडी
की कडीला बोट लावलं तरी ठिणगी उडते.
ऑर्विल हाउगेन गिटारची पेटी पुढच्या सीटवर ठेवतो,
तिला पट्टा बांधतो, हीटर मंद करतो.
खनिजाच्या धक्क्यावर एकतीस वर्षं काढलेला माणूस
आज वळणं अशी घेतो
जणू मांडीवर काठोकाठ सूपचं भांडं आहे.

इर्या लेहतोलाचं दुकान लाँड्रीखालच्या तळघरात.
वरची वाफ झिरपते, लाकूड फाटत नाही,
म्हणूनच इथलं भाडं भरते, म्हणते.
किंमत विचारत नाही, कंपनी विचारत नाही.
"वाजव."
"मला नीट येत नाही."
"मग जसं येतं तसं."

पाचव्या पडद्यावर तार झणझणते.
तंबोऱ्यावर हिलाच जवारी म्हणून जपतात;
इथे ती काचेत अडकलेली माशी.

एक डोळा मिटून ती मानेवरून नजर टाकते,
सुतार फळी बघतो तशी.
मान वाकलीय, पण फार नाही.
आतल्या सळईला किल्ली लावते,
पाव फेरी,
आणि हात मागे घेते.
लाकडाला कळायला वेळ लागतो.
तोवर कॉफी.

"कोणाची होती?"
"टोफ्टेची. तो गेला. ऑक्टोबरात त्याच्या बायकोने
गॅरेजबाहेर मांडली होती, बर्फाच्या फावड्याशेजारी."
इर्या दिवा खाली ओढते.
पहिल्या तीन पडद्यांवर खळगे,
पायरीच्या दगडाला पडतात तसे, दुसऱ्या-तिसऱ्या तारेखाली.
बाराव्यावर मात्र कारखान्यातली चकाकी जशीच्या तशी.
"तिसऱ्याच्या पलीकडे गेलाच नाही हा.
घासू? खळगे जातील."
ऑर्विल बराच वेळ कपाच्या तळाशी बघतो.
"घास," म्हणतो.
कानस फिरते. पितळी नव्हे, राखाडी धूळ,
चिमटीभरसुद्धा नाही.

मग आवाजाचं बटण, जे फिरवलं की खरखरतं.
हिला मागे झाकण नाही.
मध्ये मेपलचा ठोकळा, दोन्ही अंगांना पोकळी,
सगळ्या तारा, सगळे सांधे
त्या वळणदार भोकातूनच बाहेर काढायचे
आणि तिथूनच परत आत.
इर्या एकेका सांध्याला शिवणाचा दोरा बांधते,
चार टोकं ऑर्विलच्या बोटांत देते.
"ओढू नकोस. नुसतं धर."
हिमदंशाने बधिर झालेली दोन बोटं, तरी तो धरतो.
दोरे ताठ. वर कुणाचा तरी ड्रायर थांबतो.

आणि तेव्हाच आतून काहीतरी
खुळ्‌कन घरंगळतं.
गिटार उलटी धरून हलवतात,
तिसऱ्यांदा ते बाहेर पडतं:
कासवाच्या पाठीसारख्या रंगाची वाजवायची पात,
एक कोपरा झिजून गोल.

तो तिथूनच मार्व्हेल टोफ्टेला फोन लावतो.
ती हसते. "अकरा वर्षं शोधत होता!
मला म्हणायचा, तूच झाडून टाकलीस."
मग फोनमध्ये फ्रिजची घरघर.
"ठेव तुझ्याकडे," म्हणते.
"नाही. थांब. आणून दे."

शेवटचं काम स्वरांचं.
मोकळी तार, बारावा पडदा, पुन्हा मोकळी;
ब्रिजवरचा स्क्रू केसभर पुढे, केसभर मागे.
पाच तारा कबूल होतात.
तिसरी होत नाही.
"ही कोणाचीच पूर्ण जुळत नाही," इर्या म्हणते,
"चूक थोडी थोडी सगळीकडे वाटून द्यायची,
मग कानाला बोचत नाही."
पंच्याऐंशी डॉलर. कॉफीचे नाहीत.

टोफ्टेंच्या घराचा चढ मिठाने पांढरा.
स्वयंपाकघरात मार्व्हेल ती पात
चष्मा काढून बघते, चष्मा लावून बघते,
मग टेबलावरून त्याच्याकडे सरकवते.
"वाजव."
"मला नीट येत नाही."
"त्याला कुठे येत होतं."
आणि उठून
किटलीखालचा गॅस बंद करते.