महिन्याला बारा

निमजे मॅडम म्हणाल्या, घरचेच आकडे आणा.
म्हणून मी दुकानातली लाल वही उघडली,
गोळीबार चौकातल्या आमच्या कूलरच्या दुकानातली,
खसच्या ताट्यांना पाठ टेकून.

मार्च तीस. एप्रिल अठ्ठावन्न.
मे एकोणपन्नास, जून सात.
पुढे जुलैपासून फेब्रुवारीपर्यंत
आठ शून्यं.
बाबांनी तीही नेटानं काढलेली,
गोल, ठळक,
जणू तेवढीच गिऱ्हाइकं येऊन गेली.

बेरीज एकशे चव्वेचाळीस, भागिले बारा.
मध्य : महिन्याला बारा कूलर.
मी मोठ्यानं वाचलं.
पत्रा कापता कापता बाबा थांबले.
"बारा कोन्या महिन्यात विकले वं?"
कोणत्याच नाही.
"मंग आले कोठून?"
गुणवंता हसला, ग्रीसच्या मनगटानं नाक पुसत.

मध्यकासाठी महिने चढत्या क्रमानं उभे केले.
सहावा शून्य. सातवा शून्य.
बहुलक तर विचारूच नका.

गावाचंही तसंच म्हणा.
मे महिन्यात इतवारीचं डांबर चप्पल धरून ठेवतं,
डिसेंबरात चौकीदार खोकी जाळून बसतात,
आणि वर्षाची सरासरी म्हणे सत्तावीस अंश.
सत्तावीसला कोण घेतं कूलर?
नागपूर सरासरीनं तापलं असतं
तर आम्ही केव्हाच गाशा गुंडाळला असता.

रात्री आईला विचारलं.
तिनं फळीवरचे डबे खाली उतरवले :
बिस्किटांचे, तुपाचे, एक कसलासा परदेशी चॉकलेटचा.
ऑगस्टची माझी फी,
ऑक्टोबरचं सिलिंडर,
जानेवारीचा गुणवंताचा पगार.
सगळ्यांत मे महिन्याच्याच नोटा,
घड्या पडलेल्या, अजून थोड्या घामट.
"भागाकार मले येत नाही," ती म्हणाली,
"वाटून ठेवता येते."

म्हणजे बारा कुठून आले ते कळलं.
ते विकले गेलेच नव्हते.
ते हिनं केले होते,
दर उन्हाळ्यात, दार लावून घेऊन.

मी नोव्हेंबरचा डबा हलवून पाहिला.
हलका लागला.
"आत्याचं ऑपरेशन," आई म्हणाली
आणि झाकण दाबून बसवलं.

मॅडमना उत्तर बाराच लिहून दिलं.
खाली पेन्सिलीनं, पुसता येईल असं :
नोव्हेंबर कमी पडतो.