बेरीज, अटींसहित

मार्चात कळमन्याला मिरचीची पोती लागतात
आणि की-बोर्डच्या फटींत लाल बसतं.
मी शिंकते, आणि एंटर दाबते.

खोब्रागड्यांचा इशान नवा आहे ऑफिसात.
त्याने सहा हजार ओळी निवडल्या,
नावं इकडे ओढली, महिने तिकडे सोडले,
आणि खुर्चीत रेलून म्हणाला, झालं मॅडम. पिव्हट.
खरंच झालं होतं. चहासुद्धा निवला नव्हता.

मी मात्र बावीस वर्षं वाक्यं लिहिते आहे:
नाव जर ए-सातमधलं असेल,
आणि माल मिरची, आणि तारीख याच महिन्याची,
तरच त्याची हमाली मिळव.
कंस उघड. कंस मिटव.
डॉलरचं चिन्ह लाव, म्हणजे खाली ओढताना
पट्टा जागचा घसरणार नाही.
आमच्या हिशेबात डॉलर एवढ्याच कामाला येतो.

काहून एवढं टंकायचं, इशान विचारतो.
मी त्याला चार वाजेपर्यंत थांबवते.
भिवापूरचा एक ट्रक उशिरा लागला, पावती चढली.
त्याचा तक्ता सकाळच्याच चेहऱ्याने बसून राहिला,
कोणीतरी येऊन ताजं कर म्हणेपर्यंत.
माझ्या चौकटीत देवाजी परात्यांचे आठशे चाळीस
बघता बघता नऊशे दहा झाले,
आणि खिडकीतून देवाजी दिसत होते,
शेवटचं पोतं अजून पाठीवर.

एवढी बढाई मारली, तर पुढचंही सांगायला हवं.

शनिवारी रेवाराम निनावे खिडकीशी आले.
बाई, तीन दिवस कमी दिसून राहिले जी.
भांडले नाहीत. दुपट्ट्याने मान पुसत उभे राहिले.
मी सूत्र वाचलं. बरोबर होतं.
पुन्हा वाचलं. बरोबरच.
इशानने मान लांब केली:
मॅडम, माझ्याकडे हे दोनदा आहेत.
रेवाराम निनावे,
आणि त्याखाली रेवाराम निनावे.
एका नावाच्या शेवटी, कोणाच्या तरी अंगठ्याने
घाईत दाबलेली एक रिकामी जागा.

पिव्हटने त्यांना परका माणूस समजून का होईना,
ओळ तरी दिली होती.
माझ्या वाक्याने त्यांना विचारलंच नव्हतं.

बाराशे साठ रुपये मोजून दिले, सही घेतली.
ते जायला वळले आणि थांबले.
जागा म्हंजे काय जी?
मी म्हटलं, काही नाही.
म्हणजे, खरोखरच काही नाही.
त्यांनी मान हलवली, जशी आपण
ऑफिसातल्या माणसांपुढे हलवतो.

आता तक्त्याच्या तळाशी एक जास्तीची चौकट आहे.
सगळ्या पावत्यांची मजुरी,
वजा एकेका नावापुढची मजुरी.
शून्य दिसलं की मी पर्स उचलते.
नावांच्या शेपट्या छाटणारं सूत्र इशानने लिहिलं,
स्वतः, दोनदा कंस चुकून.

काल साडेसातला तिथे अकरा रुपये होते.
अकरा रुपयांत अर्धी प्लेट तर्री-पोहेही येत नाहीत.
यार्डातले दिवे लागले होते, शेवटची ऑटो
फाटकाशी हॉर्न देत होती.
मी पर्स पुन्हा खुंटीला अडकवली.
इशानने एक तारखेची पहिली पावती वाचायला घेतली,
मोठ्याने, नावासकट.