मुक्या अक्षरांचा दर

एनिस्टायमनला नदीच्या वळणावर माझं दुकान.
थडग्यांवरची नावं कोरतो मी.
अक्षरामागे साडेचार युरो, सोनेरी हवं तर वरती थोडे.
मुक्या अक्षरांचेही पैसे लावतो.
लोक कुरकुरतात,
पण छिन्नीला कुठलंच अक्षर मुकं नसतं.

लीड्सहून लेकीचा फोन.
बाळ एकतीस दिवसांचं झालं.
बेचाळीस दिवसांच्या आत कचेरीत नाव द्यायचं,
आणि नाव तर ठरलेलंच आहे, साईव्ह,
त्यावर कुणाचं दुमत नाही.
भांडण लागलंय ते कागदावर.

एक साईव्ह चार अक्षरांचं. एस, आय, व्ही, ई.
पार्सलवाला पोरगाही जिन्यातून बरोबर हाक मारेल असं.
दुसरं सहा अक्षरांचं, आमच्या जुन्या वळणाचं.
एस, ए आणि मग
डी, एच, बी, एच,
चौघांनी मिळून उचललेला एकच 'व्ह'.
शवपेटीखाली असतात ना चार खांदेकरी,
आत माणूस एकच, तसं.

जावई सोप्याच्या बाजूचा.
त्सेझारी. पोलंडचा पोर, आडनाव तेरा अक्षरांचं.
बारा वर्षं ते सुटं सुटं करून सांगतोय,
बँकेत, दवाखान्यात, गॅसवाल्याला,
पुन्हा सांगा म्हणतात, पुन्हा सांगतो.
म्हणतो, पोरीच्या पाठीवर एखादी तरी पिशवी हलकी द्या.
खोटं कसं म्हणू त्याला?

लेक म्हणते, बाबा, तुम्ही तर बोलूच नका.
ती डरव्हला.
मुळात नऊ अक्षरांची, मी सहांत बसवली.
त्या वर्षी गावातली निम्मी घरं बंद होत होती.
म्हटलं, हिलाही जावं लागेल एक दिवस,
जाताना ओझं नको.
गेली.

माझी आईसुद्धा साईव्हच होती.
गोठ्यातून, कुंपणापलीकडून, हाक तीच.
पाद्रीबुवांनी बाप्तिस्म्याच्या वहीत मात्र सबायना लिहिलं,
पुढे रेशनच्या पुस्तकात सबायना,
आणि एकोणिसाव्या वर्षी मिस्त्रीच्या हाताखाली असताना
तिच्या दगडावर मीच कोरलं, सबायना.
सहाच अक्षरं. तेवढ्याच जागेत तिचं खरं नावही मावलं असतं,
पण कागदपत्रं तसंच सांगत होती
आणि वडील कागदांना घाबरायचे.
रेघ सरळ आली. मिस्त्रीने पाठ थोपटली.
मी घरी येऊन जेवलो नाही.

तिची एक वही आहे माझ्याकडे, जुन्या लिपीतली.
त्यात एच लिहीतच नसत,
अक्षराच्या डोक्यावर टिंब देत.
म्हणजे साईव्ह चार अक्षरांत, वर दोन टिंबं,
तुमचं दोघांचंही भांडण मिटलं!
मी किती उत्साहाने सांगितलं.
डरव्हला हसली. कितीतरी दिवसांनी हसली.
म्हणाली, बाबा, इथल्या कॉम्प्युटरला टिंब टोचतं.

आज सकाळी लिसकॅनरची फरशी काढली, वीतभर.
हिच्यावर कुठल्याशा किड्यांच्या वाटा उमटल्यात,
समुद्र इथे होता तेव्हाच्या.
वळणदार, लिहिल्यासारख्या.
त्यांच्या मधोमध थोडी मोकळी जागा.

खडूने रेघ ओढली. एस कोरला.
एस दोन्हीकडे आहे.
पुढच्या घरात छिन्नी टेकवली,
उचलली,
धूळ फुंकली, पुन्हा टेकवली.
मग चहा ठेवला.

दुपारी त्सेझारीचा फोन. मागे ती रडत होती,
चांगली खणखणीत, आईच्या वळणाची.
दारावर लावायच्या पाटीला किती दिवस लागतील, त्याने विचारलं.
म्हटलं, अक्षरांवर आहे.
तो जरा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला,
आणि पैसे?
म्हटलं, या वेळी
मुकी फुकट.