रिकाम्या गाडीचं वजन

दुसऱ्या सत्राचा चौथा विषय: डेटाची स्वच्छता.
सर हैदराबादहून शिकवतात, मी डिचोलीत रेकॉर्डिंग लावतो,
दीडपट वेगानं, कारण साडेदहाला जेवण आटोपतं
आणि सकाळी सहाला बियरचं गोदाम माझ्याच चावीनं उघडतं.
दीडपट वेगात सरांचा आवाज
देवळातल्या पावणीत बोली पुकारणाऱ्यासारखा होतो.

शनिवारच्या वर्गात एकशे बारा चौकोन.
त्यांत सगळ्यात जास्त वय माझं, पण ते कुणाला दिसत नाही.
कॅमेरा बंद असतो,
मागे दोरीवर मुलीचा युनिफॉर्म वाळत असतो.

प्रकल्पासाठी म्हणाले, स्वतःचा डेटा आणा.
पोरांनी आणले शेअरचे भाव, क्रिकेटचे स्कोअर,
एकीनं लखनौची हवा आणली.
माझ्याकडे माळ्यावर बिस्किटांची दोन खोकी,
आत वजनपावत्यांच्या कार्बन कॉप्या,
खाण बंद पडली त्या आठवड्यात रद्दीवाल्याच्या आधी उचललेल्या.
का उचलल्या, ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

अकरा वर्षं मी काट्यावर होतो, मयेच्या अलीकडे.
गाडी रिकामी येते, तोलायची. तिला टेअर म्हणतात.
भरून येते, पुन्हा तोलायची.
वजाबाकी करून जे उरतं ते सारमानसच्या धक्क्यावर,
बार्जीत.
भाडं त्या वजाबाकीवर, टनाच्या हिशेबानं.

चाळीस रात्री टाइप करत होतो.
नऊ हजार चारशे ओळी. बोटांना कार्बन लागतो
हे कीबोर्डला नवीन होतं.

मग आलेख काढला, आणि एकच गाडी रांगेबाहेर उभी.
दिवसाच्या पहिल्या खेपेला तिचं रिकामं वजन वीस किलो जास्त,
दुसऱ्या खेपेपासून पुन्हा बरोबर.
रविवारी नाही. नाताळच्या सुट्टीत नाही.
आमचा काटा वीस-वीसनंच मोजायचा, अधलंमधलं त्याला कळत नसे.
तिसऱ्या हंगामात, जानेवारीपासून, चाळीस.

सर म्हणतात, असे बिंदू म्हणजे गोंगाट. काढून टाका.
कोड एका ओळीचा आहे.

गाडी बाबुसो गावसची.
केबिनमध्ये मागच्या फळीवर त्याचं पोर झोपलेलं असायचं,
दप्तर उशाशी, तोंडावर बापाचा टॉवेल, धुळीसाठी.
शाळा काट्याच्या पुढच्या वळणावर.
मी एकदा म्हटलंही, उतरव त्याला, तोलून झालं की परत घे,
तुझेच वीस किलो रोज बुडतात.
बाबुसो म्हणाला, "न्हिदूं दी रे. पांच मिनटां."
केबिनमध्ये दुसरं माणूस नको, असा नियम होता.
मी पावती फाडली.
पोराचं नाव कधी विचारलं नाही.

म्हणून एक रकाना वाढवला: कारण.
नऊ हजार ओळींत तो रिकामा.
प्रणाली पिवळ्या अक्षरांत विचारत राहिली,
एवढा रिकामा रकाना ठेवायचाच आहे का?
हो, दाबलं. परत विचारलं. परत हो.

निकाल काल आला. वीसपैकी अकरा.
शेरा: रांगेबाहेरची मूल्ये काढलेली नाहीत,
'झोप' हे कारण ग्राह्य नाही.
सुलभा म्हणाली, पास झालास ना? मग लाईट काढ.

लाईट काढली. कानात बोंडं घातली
आणि पाचवं व्याख्यान लावलं, पहिल्यांदाच
जसं आहे तसं, एकपट वेगानं.
सर सावकाश बोलतात. मध्ये थांबून पाणी पितात.
त्यांच्या मागे, लांब कुठंतरी,
कुणीतरी हळूच दार ओढून घेतं.