डबा

अकरा नंबरची ट्राम तीन मिनिटांवर आहे.
मघाशीही तीनच मिनिटांवर होती.
हा आकडा माझ्या ओळखीचा.
घरी पडद्यावर गोल गोल फिरणारं कडं
सकाळी सातपासून म्हणत होतं, झालंच, जरा थांब.
चहा निवला, अंडं दगड झालं,
त्याचं काही झालं नाही.

काखेत डबा आहे. कॉम्प्युटरचा, काळा, साडेनऊ किलो,
टॉवेलात गुंडाळून नवऱ्याच्या पट्ट्याने आवळलेला.
माझ्या भाच्याला, तिमोनला, त्याची लाज वाटते.
मावशी, पातळसा लॅपटॉप घे, चंदेरी,
पिशवीत पावासारखा बसतो.
त्याची बायको म्हणाली, चंदेरी म्हणे! नुसतं नाव विकतात.
जुन्यावरच फुकटातली सिस्टीम टाकू, मी टाकते शनिवारी.
दोघं माझ्या स्वयंपाकघरात हातघाईवर आले.
बिटाचं सूप उतू गेलं.
मला कोणी विचारलं नाही.
मी औषधांच्या खोक्यांतली पत्रकं तपासते:
जेवणानंतर, दिवसातून तीनदा, मुलांपासून दूर ठेवा.
मला एवढंच हवं की
आमच्या ‘ल’वर तिरकी रेघ कुठून द्यायची
ते बोटांना नव्याने शिकवावं लागू नये.

ट्राम आली तेव्हा दोन आल्या.
पहिली ठासून भरलेली, मागची रिकामी.
इतकी वाट पाहिल्यावर पहिली सोडवत नाही.
चढले.
एका मुलाने उठून जागा दिली,
मला नव्हे, डब्याला.
"नाजूक असेल ना," म्हणाला.
मी दांडीला धरून उभी, डबा खिडकीशी बसून शहर बघतोय.

पुलाच्या अलीकडे थांबलो.
घोडं कुठे पेंड खातंय ते कोणी सांगेना.
खाली ओद्रा नदी, कडेकडेने गोठलेली.
मग चालक बाई उतरली, केशरी जाकीट,
हातात तिच्याच उंचीची लोखंडी पहार,
आणि रुळांच्या सांध्यात अडकलेला बर्फ
शिव्या देत उकरू लागली.
सगळा डबा काचेला नाक लावून बघत होता.
एक म्हातारा म्हणाला, "यंत्र आहे हो त्यासाठी. आपोआप होतं."
कोणी हसलंही नाही.

सेवेरिनच्या दुकानात मी पट्टा सोडला.
त्याने झाकण काढलं, पंख्यात चिमटा घातला
आणि राखाडी लोकरीची गुंडाळी बाहेर ओढली.
"मांजर आहे?"
होतं.
दोन वर्षं झाली.
थंडीत या डब्यालाच पाठ लावून झोपायचं.
तो गुंडाळी टोपलीत टाकणार होता,
माझ्याकडे बघून कागदावर ठेवली.

"लुद्विकाबाई, दुरुस्ती म्हणजे नाकापेक्षा मोती जड.
नवा घ्या. कोणता, ते मी सांगतो."
सांगा, म्हटलं.
त्याने सांगितलं, तिसराच.
पंखा साफ करायचे चाळीस झ्वोटी घेतले.
वसंतापर्यंत चालेल का?
"चालला तर चालेल," म्हणाला,
आणि मला वाटलं, आज सकाळपासून
एवढं खरं कोणी बोललं नव्हतं.

परतीचा थांबा बंद.
खांबावर चिकटपट्टीने कागद:
ट्रामऐवजी बस, कोपऱ्यावरून, अमुक वाजता.
त्यात ‘ल’ची रेघ सुटलेली. दोन ठिकाणी.
माझा हात खिशात गेला.
लाल पेन थंडीने लिहीना, फुंकर मारली,
पहिली रेघ दिली,
दुसरी देत होते तेवढ्यात
कोपऱ्यावरून बस गेली.

पुढची किती वेळाने, कागद सांगत नाही.
बाकावर बर्फ.
मी डबा आडवा ठेवला, टॉवेल वर घातला,
आणि त्याच्यावर बसले.
जरा कुरकुरला. धरलं मात्र त्याने.
चंदेरी असता तर उभीच राहिले असते.